खाडीत पाईल ठोकतायत? मग पाण्याखालचा आवाज असा मोजा

आमच्या खाडीच्या तोंडाशी जेट्टीचं काम सुरू झालं, म्हणजे पायाचे खांब (पाईल) तळात ठोकायला लागले, तेव्हा गावात दोनच मतं होती. गिलनेटवाले म्हणायचे ठोकाठोकीनं मासा पळाला, आणि साईटवरचा माणूस म्हणायचा अहो आवाज वर हवेत येतो, पाण्यात कुठे काय. दोघांकडे आकडा नव्हता. मी मूळचा साउंडवाला, दशावताराला आणि लग्नाला स्पीकर लावणारा, त्यामुळे माईक, गेन, क्लिपिंग हे माहीत होतं, समुद्रातलं मात्र ओ की ठो कळत नव्हतं. एका कॉलेजातल्या मित्रानं हायड्रोफोन (पाण्याखालचा माईक) मिळवला आणि मला बोटीवर ओढलं. पहिल्या दिवशी आठ तास रेकॉर्डिंग करून आम्ही घरी काय आणलं तर बोटीच्या पाणी उपसायच्या पंपाचा आवाज आणि नांगराच्या साखळीचा खडखडाट, बस. त्यानंतर चुकत चुकत जे जमलं ते इथे लिहितोय, कारण रेवस-रेड्डी सागरी महामार्गाचे खाडीपूल, जेट्ट्या, वर डहाणूकडे वाढवण बंदर, कामं सगळीकडे निघालीयत आणि प्रत्येक गावात हाच वाद होणार आहे.

आधी डेसिबलची भानगड मिटवू, कारण इथेच पेपरवाले पण घसरतात. पाण्यात १९० डीबी म्हटलं की लगेच "जेट विमानापेक्षा मोठा आवाज" अशी बातमी येते. पण डेसिबल हे कशाच्या तरी तुलनेत असतं. हवेत ती तुलना २० मायक्रोपास्कलशी (पास्कल म्हणजे दाबाचं माप) असते आणि पाण्यात १ मायक्रोपास्कलशी, तिथेच २६ डीबीचा फरक पडला. वर पाणी हवेपेक्षा किती तरी घट्ट, त्याचा अजून साधारण ३६. म्हणजे तेवढ्याच तीव्रतेचा आवाज पाण्यात सुमारे ६२ डीबी जास्त दिसतो. त्यामुळे लिहिताना "१ मायक्रोपास्कलच्या तुलनेत" हे शब्द दर वेळी लिहायचे, कंटाळा आला तरी. आणि मोबाईलचं साउंड मीटर ॲप बोटीवर धरून काढलेला आकडा इथे शून्य कामाचा.

दुसरं, तिथे नक्की काय चाललंय ते डोळ्यांनी बघून या. लोक सरसकट पाईलिंग म्हणतात पण त्यात प्रकार आहेत. हातोडा पडतो तो एक, धाड... धाड... धाड, प्रत्येक ठोका वेगळा ऐकू येतो. व्हायब्रो हॅमर वेगळा, तो लोखंडी लायनर (पोकळ नळकांडं) थरथरवत खाली घालतो, सलग घुर्रर असा आवाज. आपल्याकडे पुलांना बऱ्याचदा बोअर पाईल असतात, म्हणजे आधी लायनर आत घालणार, मग आतून ड्रिल करणार, मग सळ्यांचा पिंजरा सोडून काँक्रीट. त्यात सगळ्यात जास्त दणका लायनर घालताना आणि कुठे खडक लागला की मग. ड्रेजर (तळाचा गाळ उपसणारं यंत्र) असेल तर तो दिवसभर कुरकुरत राहतो. हे एवढ्यासाठी सांगतोय की ठोक्याचा आवाज आणि सलग आवाज हे मोजायचे प्रकारच वेगळे आहेत, आणि एकाचा आकडा दुसऱ्याच्या शेजारी ठेवला की समोरचा इंजिनियर तुम्हाला दोन मिनिटांत गप्प करतो.

ठोक्यासाठी दोन आकडे काढायचे. एक पीक, म्हणजे त्या ठोक्यात दाब जास्तीत जास्त किती वर गेला. दुसरा एसईएल, म्हणजे त्या एका ठोक्याची सगळी ऊर्जा गोळा करून एका सेकंदात बसवली तर किती होईल. दिवसभरात माशाच्या किंवा डॉल्फिनच्या अंगावर एकूण किती पडलं ते बघायचं तर एका ठोक्याच्या एसईएलमध्ये ठोक्यांच्या संख्येचा लॉगॅरिथम (दहाच्या पायाचा) गुणिले दहा मिळवायचा. समजा एक ठोका १६५ आणि दिवसात १००० ठोके, तर १६५ अधिक ३०, म्हणजे १९५. ठोके दुप्पट झाले की ३ वाढतात. (हे सगळे ठोके सारखे धरून झालं, खरं तर प्रत्येक ठोक्याची ऊर्जा वेगवेगळी मिळवायला हवी.) सलग आवाजाला मात्र एक-एक सेकंदाचा सरासरी दाब, आरएमएस, काढायचा आणि मग त्यातला मधला आकडा आणि वरच्या १० टक्क्यांचा आकडा द्यायचा.

आता सामान. सगळ्यात सोपं म्हणजे रेकॉर्डर आणि हायड्रोफोन एकाच डब्यात असलेलं यंत्र, पाण्यात सोडलं की आपलं आपण रेकॉर्ड करतं. विकत घेऊ नका, महाग असतं, विद्यापीठातून किंवा एखाद्या संशोधकाकडून आठवड्यासाठी मिळतंय का बघा. नाहीतर केबलवाला हायड्रोफोन आणि चांगला फील्ड रेकॉर्डर, हे आम्ही वापरलं. काहीही घ्या, त्याच्याबरोबर कॅलिब्रेशनचा कागद, म्हणजे किती दाबाला किती व्होल्ट येतात ते लिहिलेला, पाहिजेच. त्याच्याशिवाय तुम्ही जे आणाल ते गाण्याच्या कॅसेटसारखं, ऐकायला छान, मोजायला निरुपयोगी.

आणि इथे साउंडवाल्यांनो नीट वाचा, आपण सगळे इथेच आपटतो. हायड्रोफोनच्या कागदावर समजा उणे १८० लिहिलंय, म्हणजे १ मायक्रोपास्कलला १ व्होल्टच्या खाली १८० डीबी. १ पास्कल म्हणजे पाण्यातले १२० डीबी, तेवढ्याला हा हायड्रोफोन १ मिलीव्होल्ट देतो. ठीक. आता जवळच्या ठोक्याचा पीक आला १९०. १९० वजा १८० म्हणजे अधिक १०, म्हणजे तीन व्होल्टच्या वर! छोट्या रेकॉर्डरच्या माईक इनपुटला तीन व्होल्ट दिले तर काय होणार, लाट वरून खालून सपाट कापली जाणार. ऐकताना तुम्हाला ते "कडक" वाटेल पण पीक गेला, एसईएल पण खोटा. आमचे पहिले चाळीस-पन्नास ठोके असेच वाया गेले. त्यामुळे साईटजवळ कमी सेन्सिटिव्ह हायड्रोफोन बरा, उणे २११ चा असेल तर त्याच १९० ला व्होल्टचा दहावा हिस्सा पण येत नाही. लांब शांत ठिकाणी उलट, तिथे उणे २११ वाल्यात रेकॉर्डरची स्वतःची सुसूच जास्त ऐकू येते. गेन (रेकॉर्डर सिग्नल किती वाढवून घेतो ते) एकदा ठरवला की टेप लावून नॉब बंद करा आणि वहीत लिहा. ऑटो गेन बंद, लो कट बंद, लिमिटर बंद, एमपीथ्री अजिबात नको, वेव्ह फाईलच. ठोक्याची बहुतेक ऊर्जा हजार-दोन हजार हर्ट्झच्या खालीच असते, म्हणून ४८ किलोहर्ट्झ सॅम्पलिंग पुरतं, आमच्याकडे ९६ होतं ते ठेवलं. १६ बिट मोनोला ९६ वर तासाला साधारण ७०० एमबी लागतात, त्या हिशोबानं कार्ड घ्या.

पिस्टनफोन म्हणून एक छोटं यंत्र असतं, हायड्रोफोन त्यात खुपसला की ठरलेला आवाज ठरलेल्या पातळीला देतं. मिळालं तर सकाळी निघताना आणि संध्याकाळी परत आल्यावर एक-एक मिनिट रेकॉर्ड करा. दोन्हीत अर्ध्या डीबीहून जास्त फरक आला तर त्या दिवसाचा डेटा संशयात.

अंतर किती ठेवायचं? जगभर ७५० मीटरचा आकडा वापरतात, पाईल ठोकायचा आवाज मोजायचा जो आयएसओ १८४०६ नावाचा २०१७ चा मानक आहे त्यातही तो येतो, आणि जर्मनीत नियमच आहे की ७५० मीटरवर एका ठोक्याचा एसईएल १६० च्या आणि पीक १९० च्या वर जाता कामा नये. म्हणून एक जागा ७५० ला पक्की. अजून एक दीड किलोमीटरला, जमलं तर तिसरी तीनला, एकाच रेषेत. का? तर आवाज किती वेगानं मंदावतो ते तुमच्याच खाडीत कळतं. मोकळ्या खोल पाण्यात अंतर दुप्पट झालं की ६ डीबी पडतात, उथळात कोंडलेला आवाज ३ नेच पडू शकतो, आणि प्रत्यक्षात मध्ये कुठेतरी, गाळ असेल तर त्याहूनही जास्त पडतो. पुस्तकातला आकडा घेऊन ७५० वरून मागे जात "उगमापाशी इतका आवाज" असं लिहू नका प्लीज, मोजलंय तेवढंच लिहा.

उथळ पाण्याची अजून एक गंमत. पाणी जितकं उथळ तितका खर्ज पुढे जातच नाही. कडक तळ धरला तरी १० मीटर पाण्यात साधारण ३७-३८ हर्ट्झच्या खालचं लांब पोचत नाही, ५ मीटरला ७५, आणि वाळूचा तळ असेल तर ही रेषा अजून वर जाते. आणि खाडीत भरती-सुकतीनं पाणीच दोन-तीन मीटर वर-खाली होतं, मग सकाळचा आणि दुपारचा आकडा वेगळा आला म्हणून हातोडा बदलला असं नाही. पाण्याची खोली दर तासाला लिहा. तांडेलाला (बोटीच्या मुख्य माणसाला) विचारलंत तर तो वावात सांगेल, एक वाव म्हणजे सहा फूट धरून मीटर करून घ्या.

दिवस कुठला निवडायचा हे मात्र मी कुठल्या मानकात वाचलं नाही, ते आमच्या तांडेलकाकांनी शिकवलं. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला खाडीत ओढ इतकी की दोर तंबोऱ्यासारखा वाजतो, आणि हायड्रोफोनवरून पाणी जाताना जो घोंघाट होतो तो समुद्रात नसतोच, तो फक्त तुमच्या हायड्रोफोनवर असतो. म्हणून अष्टमीच्या आसपासचा भांग (भरती-ओहोटी लहान असते ते दिवस) धरायचा, ओढ कमी. भरतीची वेळ तिथीच्या पाऊणपट, म्हणजे अष्टमीला आठ पाऊण सहा, सहाच्या सुमाराला पूर्ण भरती, त्याच्या आगेमागे पाणी थोडा वेळ थबकतं तो वेळ सोन्यासारखा. आणि सकाळी लवकर, मतलई (जमिनीकडचा) वारा असतो तोवर, दुपारी खारा (समुद्राकडचा) वारा सुटला की लाटांचा थपथपाट सुरू. अर्थात साईटवाले तुमच्या भांगासाठी थांबत नाहीत, काम उधाणाला चालू असेल तर उधाणालाच मोजावं लागतं, पण मग निदान वहीत तसं लिहा.

हायड्रोफोन कसा सोडायचा. बोटीवरून लटकवणं सगळ्यात वाईट, बोट हलली की तो वर-खाली होतो, आणि बोटीच्या बुडावर पाणी आपटतं तेही येतं. तळावर ठेवा. आम्ही सिमेंटचा ठोकळा केला, पंचवीसेक किलोचा, साखळी अजिबात नाही, सगळं दोरानं. ठोकळ्याच्या वर दोन-तीन मीटरवर हायड्रोफोन, त्याच्या वर पाण्यातच बुडालेला एक छोटा बोया जो दोर ताठ ठेवतो. पाण्याच्या खालच्या अर्ध्या भागात राहिला पाहिजे, कारण पृष्ठभागाजवळ खर्जाचा आवाज स्वतःलाच खाऊन टाकतो. पाण्यावर दिसणारा झेंड्याचा बोया या दोराला बांधू नका. ठोकळ्यापासून तळावरून वीस-तीस मीटर दोर टाकून दुसरं वजन, आणि त्याला तो बोया, म्हणजे लाटेचे हिसके हायड्रोफोनपर्यंत येत नाहीत. हायड्रोफोन दोराला बांधताना मध्ये सायकलच्या ट्यूबचे तुकडे घाला, आणि दोराला वरपासून खालपर्यंत सुतळीच्या झिरमिळ्या बांधल्या की झंकार बराच कमी होतो. हे बघून काकांनी विचारलं, "काय रे, ह्या माशाक लावतस की तोरण बांधतस?" पण चाललं.

यंत्र सोडायच्या आधी मच्छीमार सोसायटीत सांगा, नाहीतर कुणाच्या तरी जाळ्यात तुमचा ठोकळा जाईल आणि जाळं फाटलं तर भरपाई तुमच्या खिशातून. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा आपणही पाण्यात जायचं नाही, हौस कितीही असो. बंदराच्या हद्दीत असाल तर बंदर खात्याची, मालवणच्या सागरी अभयारण्यात असाल तर वनखात्याची परवानगी, आणि सागरी पोलिसांना एक पत्र. समुद्रात वायरी सोडणारी अनोळखी माणसं दिसली की चौकशी होणारच, आणि व्हायलाच पाहिजे. सॅटेलाइट फोन बिलकुल नेऊ नका, परवान्याशिवाय तो बाळगणं गुन्हा आहे. लाईफ जॅकेट सगळ्यांना, तटरक्षक दलाचा १५५४ नंबर फोनमध्ये.

बोटीवर पोचलात की इंजिन बंद, पंप बंद, फिश फाइंडर बंद, आणि डेकवर चालायचं नाही, डब्याची झाकणं आपटायची नाहीत. शांतपणे बसणं हे या कामातलं सगळ्यात अवघड आहे, खरंच. हेडफोनचा आवाज अगदी बारीक करून सुरुवात करा, पहिला ठोका कानात बसला की दिवसभर शिट्टी वाजत राहते.

एक मजेशीर ताळा सांगतो. ठोका पाण्यातून सेकंदाला दीड किलोमीटरच्या वेगानं येतो (आपल्या गरम खारट पाण्यात १५४० मीटरच्या आसपास) आणि हवेतून साडेतीनशेच्या खाली. म्हणजे हेडफोनमध्ये आधी "ठक" आणि मग कानाला बाहेरून "धाड". या दोनमधलं अंतर एक सेकंद असेल तर तुम्ही पाईलपासून साधारण साडेचारशे मीटरवर आहात, ७५० ला पावणेदोन सेकंदांच्या जरा आत. जीपीएसचा आकडा आणि हा आकडा जुळला नाही तर काहीतरी चुकलंय, आमचं एकदा चुकलंच होतं, जीपीएसमध्ये शेजारच्या पाईलचा पॉइंट टाकला होता.

आता वही. माझं स्पष्ट मत आहे की या सगळ्यात हायड्रोफोनपेक्षा वही महाग आहे. कुठला पाईल, व्यास किती, हातोडा कुठला, किती किलोज्यूलनं मारतोय, मिनिटाला किती ठोके, किती आत गेला, बुडबुड्यांचा पडदा चालू की बंद (पाईलभोवती हवेचा नळ टाकून बुडबुडे सोडतात, त्यानं आवाज बराच अडतो), सुरुवात हळू केली का. हळू सुरुवातीबद्दल ब्रिटनमध्ये सूचना आहे की किमान २० मिनिटं हळूहळू जोर वाढवायचा आणि त्याआधी अर्धा तास ५०० मीटरच्या आत डॉल्फिन वगैरे दिसतायत का बघायचं. हा ठोक्यांचा लॉग (नोंद) साईटवर असतोच, मागून घ्या. एका साईटवर आम्हाला तो मिळाला पण सगळं जुळेना, ठोके एका वेळी आणि रेकॉर्डिंगमध्ये शांतता, दोन दिवस डोकं फोडलं, मग कळलं की रेकॉर्डर जागतिक वेळेवर होता आणि लॉग आपल्या वेळेवर, साडेपाच तासांचा फरक! तेव्हापासून रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर मी मोबाईलची वेळ मोठ्यानं बोलतो आणि त्याच क्षणी हायड्रोफोनला बोटानं तीन टिचक्या मारतो. शिवाय जाणारी प्रत्येक बोट, पाऊस, वारा, जवळून गेलेली फेरी बोट, सगळं वेळेसकट.

काम बंद असतानाचं रेकॉर्डिंग नसेल तर बाकीचं मोजूच नका असं मी म्हणेन. काम सुरू व्हायच्या आधी निदान काही दिवस, उधाण आणि भांग दोन्ही, रात्र धरून. कारण आपला समुद्र मुका नाहीये. खडकाळ भागात एक प्रकारची कोळंबी असते ती नांगी फटकन मिटते, त्याची रात्रंदिवस तडतड, फोडणीत मोहरी पडल्यासारखी, ती हजार-दोन हजार हर्ट्झच्या वर सुरू होते. घोळ, ढोमा या जातीचे मासे पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू आपटून कूर्र कूर्र करतात, संध्याकाळनंतर सगळे मिळून असे सुरू होतात की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला यंत्र बिघडलं वाटतं. काकांना हेडफोन दिला तर पाच मिनिटं काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, "हो ढोमो" (हा ढोमा). ढोमा हा खर्जातच बोलतो, म्हणजे बरोबर हातोड्याच्याच पट्ट्यात, म्हणून नुसता एक एकूण आकडा न देता फ्रिक्वेन्सीचे पट्टे पाडून द्या, एक तृतीयांश ऑक्टेव्हचे (ऑक्टेव्ह म्हणजे फ्रिक्वेन्सी दुप्पट होईपर्यंतचा पट्टा). डॉल्फिनचं उलट, आपल्या किनाऱ्याला पाठीवर कुबड असलेला (हंपबॅक) डॉल्फिन आणि पाठीवर पंख नसलेला छोटा पोरपॉइज दोन्ही आहेत, पोरपॉइजचे क्लिक शंभर किलोहर्ट्झच्या वर असतात, ते या रेकॉर्डरमध्ये येणारच नाहीत, त्यावरून "इथे नाहीत" असं लिहू नका.

घरी आल्यावर आधी सगळं गोड्या पाण्यानं धुवा, मग कॉपी, मग जेवण. ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये फाईल उघडून नुसती नजर टाका, कुठे कापलंय का, कुठे बोट आहे. पण त्यातल्या डीबीला खरे डीबी समजू नका, ते रेकॉर्डरच्या कमाल पातळीच्या खाली किती एवढंच सांगतात. पूर्ण साखळीचा (हायड्रोफोन, गेन, रेकॉर्डर मिळून) कमाल आकडा समजा १७६ असेल आणि ठोक्याचा पीक उणे १० दिसतोय तर तो १६६. खऱ्या हिशोबासाठी पामगाईड नावाचं फुकट साधन आहे, त्यात कॅलिब्रेशनचे आकडे घालायचे आणि ते पट्टे, आरएमएस, सगळं काढून देतं. एसईएल काढताना ठोक्याच्या ऊर्जेतले पहिले ५ आणि शेवटचे ५ टक्के सोडून मधला ९० टक्क्यांचा भाग ठोक्याची लांबी म्हणून धरतात. आणि ठोका आसपासच्या आवाजापेक्षा निदान १० डीबी वर नसेल तर त्याला ठोक्याचा आकडा म्हणू नका, तीन किलोमीटरवर आमचं तसंच झालं, तिथे लिहिलं "पार्श्वभूमीत मिसळला".

मग कागदावर ओळ कशी लिहायची तर अशी, आकडे इथे मनाचे घातलेत: ७५० मीटर, पाणी ११ मीटर, हायड्रोफोन तळापासून २.५ मीटर, भांगाची सुकती, पाईल क्रमांक १४, लायनर, हातोडा, पडदा बंद, ३१२ ठोके, एका ठोक्याचा एसईएल मधला १५८, सर्वात जास्त १६३, पीक १८४, सगळे १ मायक्रोपास्कलच्या तुलनेत (एसईएलला त्याचा वर्ग गुणिले सेकंद), काम बंद असतानाची पातळी तीच जागा तीच सुकती ११२. ग्रामसभेत ही ओळ वाचली तर कुणाला काही कळणार नाही, तिथे दोन रेकॉर्डिंग एकाच व्हॉल्यूमला एकामागोमाग लावा, आधी ढोमा आणि मग हातोडा, त्याला माझे दशावताराचे स्पीकर आहेतच. पण अर्जाला जोडायची ती वरची ओळच, आणि तिच्याबरोबर कॅलिब्रेशनच्या कागदाची झेरॉक्स, वहीच्या पानांचे फोटो आणि मूळ वेव्ह फाईल. हार्ड डिस्कच्या दोन कॉप्या करा, एक सोसायटीत ठेवा, आणि बोटीवर कुठलीच ठेवू नका, आमची तिसरी तिथेच भिजली.